नुसती मेहंदी लावली की पांढरे केस केशरी होतात, काळे करायला घरी काय लावायचं?

वडगावची वैनी, बेळगाव
नमस्कार सगळ्यांना. माझं वय ४६, भांगातले आणि कानाजवळचे केस बरेच पांढरे झालेत. मी नुसती मेहंदी लावतो, पण उन्हात गेलं की पांढरे होते तेवढे सगळे केशरी चमकतात. काळी मेहंदी म्हणून पाकीट मिळतंय ते माझ्या जावेनं लावलं आणि दुसऱ्या दिवशी पापण्या अशा सुजल्या की डोळे उघडेनात, मानेवर पुरळ, दवाखाना करावा लागला. पाकिटावर हिरव्या पानाचं चित्र आणि हर्बल असं मोठ्या अक्षरात, मग असं कसं झालं ओ? मला झाडपाल्याचंच पाहिजे पण रंग काळपट यायला पाहिजे. दिवाळीनंतर पुतणीचं लग्न आहे. कुणी निळीच्या पानांची पावडर लावून बघितलंय काय?

निपाणीची ताई
वैनी मी लावते, माझ्या आईलाही मीच लावून देते. नुसत्या मेहंदीनं काळं होतच नाही, तिचा रंग मुळात लाल-केशरी, तो पांढऱ्या केसावर तसाच दिसणार. काळं करायला त्यावर नीळ चढवावी लागते, म्हणजे इंडिगो, कपड्याची नीळ नव्हे हं, निळीच्या झाडाची पानं वाळवून केलेली हिरवट पावडर. काष्ठौषधीच्या दुकानात विचारा, पाकिटावर इंडिगोफेरा टिंक्टोरिया एवढंच लिहिलेलं असलं तर घ्या.

खांद्यापर्यंतच्या केसांना १०० ग्रॅम मेहंदी आणि तेवढीच किंवा थोडी जास्त नीळ लागते. मेहंदी वस्त्रगाळ करून रात्री कोमट पाण्यात भिजवायची, थोडं लिंबू पिळायचं, आंबटानं तिचा रंग सुटतो. सकाळी बोटाला लावून बघा, धुतल्यावर केशरी डाग राहिला की तयार झाली. केसांना तेल अजिबात नको, आदल्या दिवशी धुवून घ्या. दोन-तीन तास ठेवा आणि नुसत्या पाण्यानं धुवा, शाम्पू नको.

मग नीळ, आणि इथंच बहुतेकांचं चुकतं. निळीत लिंबू, दही, चहा काही घालायचं नाही, फक्त कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ. रात्रभर तर भिजवायचीच नाही, १०-१५ मिनिटांत वरती निळसर तवंग धरतो, तो दिसला की लगेच लावायला घ्यायची कारण नंतर ती मरत जाते. मेहंदीसारखी गुळगुळीत होत नाही, ओल्या वाळूसारखी रवाळ आणि गळकी, खांद्यावर जुना टॉवेल घ्या, हातमोजे घाला नाहीतर नखं निळी. वर प्लास्टिकची टोपी, ती वाळता कामा नये. तास-दीड तास ठेवली तर काळी, अर्ध्या तासात धुतली तर तपकिरी. धुतल्यावर केस हिरवट दिसतील, आई पहिल्यांदा रडायलाच लागली होती, पण घाबरायचं नाही, हवा लागेल तसा रंग गडद होतो, दोन दिवस शाम्पू लावू नका.

लग्नाच्या आदल्या दिवशी नको, चार-पाच दिवस आधी लावा. मुळं वाढली की पुढच्या वेळी फक्त मुळांनाच, सगळ्या केसांना दरवेळी लावत बसलं की टोकं काळी ठिक्कर होतात.

औषध दुकान, टिळकवाडी
जावेला झालं त्याबद्दल सांगतो कारण असे पेशंट आमच्याकडं येतात. मेहंदी काळी असतच नाही. पाकिटातली पावडर तासाभरात काळंभोर करत असेल तर त्यात जवळजवळ नक्कीच पीपीडी म्हणजे पॅरा-फिनायलीनडायअमीन असतं, तोच साध्या हेअर डायमधला पदार्थ. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तिथं बघायचं, पुढचं हर्बल वाचून काही कळत नाही. ही ॲलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते आणि पुढच्या खेपेला जास्त जोरात येते, तेव्हा जावेनं कुठलाही डाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, पार्लरमध्येही आधी सांगावं.

आणि वैनी, झाडपाल्याची वस्तू म्हणून बेफिकीर राहू नका, निळीचीही ॲलर्जी काहींना होते. भिजवलेला थोडा लगदा कोपराच्या आतल्या बाजूला लावा, धुवा आणि ४८ तास बघा, खाज नाही आली तरच डोक्याला.

खानापूरकर
मी दाढीला पण हेच करतो. मेहंदी लोखंडी कढईत चहाच्या डिकाशनमध्ये आवळा पावडर घालून भिजवतो, लोखंड आणि आवळा-चहातलं टॅनिन मिळून काळपट होतं, त्यानं नुसत्या मेहंदीलाही केशरी न येता तांबूस तपकिरी येतं. नीळ मात्र काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात. आमच्याकडं पावसाळ्यात दमटपणा फार, उघडं पाकीट लवकर रंग सोडतं, म्हणून मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. बाकी कांद्याचा रस, कॉफी असले व्हिडिओ बघून वेळ घालवू नका, मेहंदीसारखा तो रंग केसात धरत नाही, पहिल्या धुण्यात जातो.

वडगावची वैनी, बेळगाव
खूप आभार ओ सगळ्यांचे. जावेला आत्ताच फोन करून सांगितलं. एकच विचारतो, कानाजवळचे केस मेहंदीच नीट धरत नाहीत, कडक आहेत, तिथं काय करू?

निपाणीची ताई
तिथं सगळ्यात आधी लावायला सुरू करा आणि सगळ्यात शेवटी धुवा, लगदा जाड थापा आणि वरून कापसाची पट्टी दाबून ठेवा. नीळही तिथूनच सुरू करा. पहिल्या वेळी फिकट वाटलं तर दोन दिवसांनी फक्त तेवढ्याच जागी परत निळीचा हात मारा, आईला मी असंच करते आणि तिचे कल्ले आता बाकी केसांत मिसळून जातात.