देवराईतली रानमोडी एका रविवारात जात नाही

सड्यावरचा (धागाकर्ता)
गेल्या आठवड्यात इथेच एक उत्साही लेख आला होता. महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी साठ जणांनी ग्रासकटर आणि जेसीबी लावून देवराईतील दोन एकर रानमोडी (अमेरिकेतून आलेले, झपाट्याने पसरणारे झुडूप) एका दिवसात नाहीशी केली, पावसाच्या तोंडावर पाचशे रोपे लावली आणि आता देवराई तणमुक्त झाली, असा त्याचा आशय होता. खाली शंभर जणांनी हात जोडले. मी हात जोडण्याऐवजी परवा तिथे जाऊन आलो, कारण ते गाव माझ्या गावापासून खाडी ओलांडली की लागते.

रानमोडी गुडघ्याच्या वर आलेली आहे. ग्रासकटरने वरचे काप झाले, पण जमिनीलगतचा मुठीएवढा गड्डा तसाच राहिला, आणि एका काठीच्या जागी आता प्रत्येक गड्ड्यातून सहा-सात फुटवे फुटले आहेत. त्याहून वाईट म्हणजे फेब्रुवारीत ती बियांवर असते. बियांना पांढरे तुरे असतात आणि ते वाऱ्यावर जातात. ती तोडलेली झुडपे ओढत ओढत पाणंदीपर्यंत आणून रचली गेली, त्यामुळे पाणंदीच्या दोन्ही बाजूंना, जिथे पूर्वी रानमोडी नव्हती तिथे, आता रोपांची मेथीच्या वाफ्यासारखी दाटी झाली आहे. लावलेल्या पाचशे रोपांत निम्मा गुलमोहर आहे. अमेरिकेतून आलेले झुडूप काढून मादागास्करचे झाड लावण्याला देवराईचे संवर्धन का म्हणावे, हे मला कोणी समजावून सांगावे.

रानमोडी काढायचीच असेल तर ती जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, माती भिजल्यावर, हाताने गड्ड्यासकट उपटावी. फुलण्याआधी दिवाळीच्या सुमारास पुन्हा फेरी मारावी, आणि हे तीन-चार पावसाळे करावे. तोवर चांदाडा, कुंभा, किंजळ ही इथली झाडे आपोआप वर येतात. सावली धरली की रानमोडी मरते, कारण तिला ऊन लागते.

श्रमदानी
तो लेख माझा होता, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. साठ माणसे फेब्रुवारीत जमतात, कारण तेव्हा भाताची कामे नसतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गावातला प्रत्येक माणूस चिखलात असतो, हे सड्यावर (वरच्या कातळी पठारावर) बसून लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे. आम्ही वर्गणी काढून, डिझेल स्वतःच्या खिशातून भरून काम केले. आपण काय केलेत? जाऊन फुटवे मोजलेत. गुलमोहराची रोपे रोपवाटिकेतून फुकट मिळाली होती. फुकटच्या रोपांना आम्ही जात विचारली नाही, ही आमची चूक असेल तर मान्य आहे.

काजूवाला
मला दोन्ही पक्षांची गंमत वाटते. माझी अडीच एकर काजू आहे आणि दरवर्षी बेणणी (तण काढणे) करताना रानमोडी आणि घाणेरी (टणटणी) यांच्याशी माझी गाठ पडते. मजुराची हजेरी पाचशेच्या वर गेली आहे, तीही माणूस मिळाला तर. हाताने उपटायला सांगणाऱ्यांनी एकदा माझ्या बागेत येऊन दहा गुंठे उपटून दाखवावेत. तणनाशक मारले की पंधरा दिवसांत पान करपते. केंद्राने २०२२ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाच्या फवारणीवर निर्बंध आणून ती कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांकडूनच करावी असे ठरवले. तो परवानाधारक आमच्या वाडीत कधी येणार, हे मात्र कोणी ठरवले नाही.

शिवाय परके म्हणून एवढा गहजब कशासाठी? काजू पोर्तुगीजांनी आणला, मिरची, पपई, अननस त्यांच्याच मागून आले. उद्या त्यांनाही उपटणार का?

सड्यावरचा
काजूवाले, परके असणे आणि पसरणारे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मिरची आपण लावली नाही तर ती उगवत नाही. रानमोडी कोणी न लावता येते, आणि ती आली की तिच्याखाली दुसरे काही उगवणे कठीण होते. (काजूही सड्यावर पसरतो, हे मी जाणतो. पण तो मुद्दा काढला तर आपण मला वाडीत येऊ देणार नाही.) बागेत आपण काय फवारावे, तो आपला प्रश्न आहे. देवराईच्या खालच्या अंगाला झरा असतो आणि त्याच झऱ्यावर वाडीचे पाणी चालते. तिथे तणनाशकाचे नावही काढू नये.

निवृत्त मास्तर
थोडा इतिहास सांगतो. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि रानमोडी १८४० च्या दशकात, अशा दोन्ही वनस्पती कोलकात्याच्या बागेत शोभेसाठी आणल्या गेल्या. घाणेरीवर उपाय म्हणून १९४१ मध्ये बाहेरून एक कीटक आणला. घाणेरी आज माझ्या कुंपणावर फुललेली आहे. गाजरगवतावर १९८४ मध्ये मेक्सिकन भुंगा सोडला, त्याने काही ठिकाणी बरे काम केले. रानमोडीवर २००५ मध्ये गाठमाशी (झाडावर गाठी आणणारी माशी) सोडली गेली, तरी रानमोडी आपल्यासमोर आहेच. तेव्हा कीटक येऊन आपले काम करतील या आशेवर बसू नये, आणि एका रविवारावरही बसू नये.

एक मात्र सांगतो. लहानपणी कोयता लागला की आजी रानमोडीचा पाला चुरगळून त्याचा रस जखमेवर पिळत असे आणि रक्त थांबत असे. त्या उग्र वासाने आजही मला आजी आठवते. सगळाच दोष त्या झुडपावर टाकू नये.

माहेरवाशीण
मास्तरांशी सहमत, कारण खरा दोष कोणाचा आहे ते कोणीच बोलत नाही. आमच्या गावच्या देवराईत मी लहान असताना रानमोडी नव्हतीच. वर इतकी गच्च सावली होती की दुपारी बाराला देवळात समई लावावी लागे. गारंबीच्या वेलावर आम्ही झोके घ्यायचो. मग कोणाच्या तरी डोक्यात जीर्णोद्धार आला. कौलारू देऊळ पाडून स्लॅबचे झाले, पुढे सभामंडप आला, त्यासाठी तीन किंजळ आणि एक सातवीण तोडली गेली. यंदा मे महिन्यात गेले तेव्हा पाहिले, तर जिथे मोठी किंजळ होती तिथेच रानमोडीचा गोल उभा आहे, बरोबर तिच्या जुन्या सावलीच्या मापाचा. छप्पर तुम्ही उघडलेत, ती फक्त आत आली. आणि सभामंडप वर्षातून दोन दिवस वापरला जातो.

पाचाचा मानकरी
हे वाक्य मुंबईत बसून लिहिणे फार सोपे आहे. जुने देऊळ गळत होते, वासे वाळवीने खाल्ले होते, आणि जत्रेला आलेली म्हातारी माणसे पावसात भिजत होती. सभामंडपाला निम्मे पैसे मुंबईच्या मंडळाने दिले, आणि त्या यादीत कदाचित आपल्या माहेरचेही नाव असेल, पाहून घ्यावे. गावाने देवाला विचारल्याशिवाय काही केलेले नाही. गुरवाने कौल लावला आणि देवाने उजवा, म्हणजे होकार, दिला.

माहेरवाशीण
देवाला विचारले काय होते? सभामंडप बांधावा का, की किंजळ तोडावी का? पहिल्या प्रश्नाला मीसुद्धा उजवा दिला असता.

पाचाचा मानकरी
कौलाची चेष्टा या धाग्यावर नको. देवराई टिकली ती त्याच देवाच्या भीतीने, पर्यावरणाच्या व्याख्यानांनी नव्हे. आमच्या आजोबांच्या काळी सुकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नसे.

सड्यावरचा
मानकरी, शेवटच्या दोन वाक्यांशी मी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच आपल्याविरुद्ध आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांवर लिहिले, तेव्हाही ती भीतीच रान राखत होती हे त्यांनी नोंदवले होते. जी काटकी नेता येत नव्हती तिथे आज जेसीबी कसा गेला, एवढेच मला विचारायचे आहे.

काजूवाला
जेसीबीच्या आधी वणवा विचारा. मार्चमध्ये सुकलेली रानमोडी पेटली की ज्वाळा माडाच्या उंचीला जातात. दोन वर्षांपूर्वी वरच्या सड्यावरून आलेल्या आगीत माझी काजूची चाळीस फळ धरणारी झाडे गेली. पंचनामा झाला, भरपाई अजून वाटेत आहे. पावसानंतर त्याच काळ्या जमिनीतून सगळ्यांत आधी फुटली ती रानमोडी, माझ्या काजूने मात्र कोंब काढला नाही. ती राहिली तर आग येते आणि आग आली तर ती वाढते. तेव्हा धागाकर्त्यांचे चार पावसाळे मला परवडत नसले तरी देवराईपुरते ते बरोबर असतील, असे नाइलाजाने म्हणतो.

श्रमदानी
वाहवा, आता सगळे एका बाजूला आणि जेसीबीवाला मी दुसऱ्या. पाणंदीवरची रोपे मी काल जाऊन पाहिली. आपण मेथीचा वाफा लिहिलेत, तो शब्द मला झोंबला, पण खोटा नाही. तळहाताएवढी आहेत, दोन बोटांनी उपटतात. मुलांना शाळेतून सुटल्यावर तासभर आणले तर श्रावण संपेपर्यंत पाणंद मोकळी होईल. आतल्या गड्ड्यांचे काय ते सांगा. गुलमोहर काढणार नाही, एवढे आधीच सांगतो. लहान मुलांनी लावले आहेत.

सड्यावरचा
गुलमोहर कडेला, रस्त्याच्या बाजूला हलवा. लहान आहेत तोवर हलवता येतात. गड्डे कुदळीने मुळापासून काढावे लागतील, पण सगळे एकदम काढू नका. एकदम मोकळी केलेली जमीन पुन्हा तिलाच आमंत्रण देते. उभ्या झाडांच्या सावलीच्या कडेपासून सुरुवात करा आणि दरवर्षी पाच-सहा हात आत सरका. मधे चांदाड्याचे रोप दिसले तर त्याला काठी लावून खूण करा, नाहीतर उत्साहात तेही कापले जाते.

पाचाचा मानकरी
देवळाच्या मागच्या बाजूला फरशी बसवण्याचे ठरले होते. ते मी तूर्त थांबवतो. कोणाच्या धाग्यामुळे नव्हे, ठेकेदार पावसामुळे येत नाही म्हणून.

श्रमदानी
येत्या रविवारी भातलावणीतून अर्धा दिवस मोकळा आहे. धागाकर्ते स्वतः येणार आहेत, की पुन्हा पाहून लिहिणार?

सड्यावरचा
पहिल्या होडीने येतो. कुदळ माझी आणतो. ग्रासकटर मात्र घरी ठेवा.