‘मार्गदर्शक तत्त्वे’ की ‘मार्गदर्शक सूचना’?

नौपाडेकर : कायरोप्रॅक्टिक, म्हणजे पाठीचा कणा व सांधे हातांनी हाताळून उपचार करण्याच्या व्यवसायाच्या इतिहासावरील एका लेखाचे भाषांतर करीत आहे. जानेवारी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात मर्सी सेंटर परिषद भरली आणि तिच्यातील ‘प्रॅक्टिस गाइडलाइन्स’ १९९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाल्या, असा त्यात उल्लेख आहे. मी ‘मार्गदर्शक तत्त्वे’ लिहिले. तपासनिसांनी त्यावर लाल रेघ ओढून ‘सूचना’ केले आणि समासात शेरा मारला : ‘तत्त्वे राज्यघटनेत असतात.’

वाशीकर : घटनेत ‘निदेशक तत्त्वे’ आहेत, मार्गदर्शक नव्हेत. मात्र सरकारी नोकरीत हयात घालवल्यावर एवढे सांगतो, की परिपत्रकातली ‘मार्गदर्शक सूचना’ पाळली नाही तर दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागवतात. आमच्याकडे सूचना म्हणजे गोड शब्दांतला हुकूमच.

कळवेकर : नेमका तोच वाद तिकडेही झाला. विमा कंपन्या हे पुस्तक पुढे करून ‘इतक्या भेटी पुरे’ म्हणतील आणि बिले कापतील, अशी अनेक कायरोप्रॅक्टरांची धास्ती होती. पुढे १९९८ मध्ये दुसऱ्या एका गटाने, कौन्सिल ऑन कायरोप्रॅक्टिक प्रॅक्टिसने, स्वतःच्या वेगळ्या गाइडलाइन्स काढल्या. म्हणून हुकमाचा वास येणारा शब्द इथे चालणार नाही. ‘उपचारदिशा’ कसा वाटतो?

वाशीकर : पाटीवरच्या बाणासारखा. ‘दंडक’ हा जुना, कमावलेला शब्द असताना नवे पाडायचे कशाला?

कळवेकर : वाशीकरकाका, दंडकात तर सरळ दंडच आहे!

घोडबंदरवासी : ‘प्रॅक्टिस’चे काय केलेत? एका पत्रकात मी ‘सराव मार्गदर्शिका’ वाचले आणि क्रिकेटचे शिबिर समजलो. ‘वैद्यकी’ शुद्ध खरा, पण तो ऐकून पाचपाखाडीत लोक काढ्याची बाटली घेऊन येतील.

नौपाडेकर : ‘व्यवसाय’ ठेवला आहे. ‘डिसेमिनेशन’ला ‘वितरण’ लिहिले, त्यावरही रेघ आहे.

घोडबंदरवासी : ती रेघ योग्य आहे. आमच्या दवाखान्यात अशा पुस्तिकांचा गठ्ठा सुतळी न सोडता वजनकाट्याखाली वर्षभर पडून होता. वितरण चोख झाले होते, प्रसार शून्य. अमेरिकेत तर अशा गाइडलाइन्स एकत्र ठेवणारे सरकारी संकेतस्थळच जुलै २०१८ मध्ये निधीअभावी बंद पडले.

वाशीकर : ‘कायरो’ म्हणजे ग्रीकमध्ये हात, म्हणजेच आपला ‘कर’. तेव्हा ‘करचिकित्सा’ हा शब्द घरचाच आहे.

कळवेकर : त्या दोघांचे नाते नाही. ‘कर’ हा ‘कृ’ धातूपासून आला, आणि ग्रीकातल्या त्या आद्याक्षराच्या जागी संस्कृतात बहुधा ‘ह’ येतो, जसा ‘हिम’ शब्दात. शिवाय ‘करचिकित्सा’ वाचून लोक प्राप्तिकराची कागदपत्रे आणतील.

नौपाडेकर : मुद्रित उद्या सकाळी द्यायचे आहे, म्हणून तूर्त ‘गाइडलाइन्स’च ठेवतो.

वाशीकर : मराठीत ‘लाइन’ स्त्रीलिंगी आहे, तेव्हा निदान ‘गाइडलाइनी’ तरी लिहा.