मदत हवी आहे: वजनाच्या ऑपरेशनआधी जाऊबाईंच्या पायात गुठळी होऊ नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे. माझ्या मोठ्या जाऊबाईंचं वजन कमी करायचं ऑपरेशन (स्लीव्ह) संभाजीनगरला ठरलंय, महालक्ष्म्या उठल्या की पुढच्याच आठवड्यात. वय ४३, वजन १२८ किलो, उंची पाच फूट दोन, म्हणजे बीएमआय ५१ च्या पुढे. डाव्या पोटरीच्या शिरा फुगलेल्या आहेत. धाकट्याच्या वेळी सिझरनंतर त्याच पायात गुठळी झाली होती. ती सुटून फुप्फुसात गेली तर काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून ऑपरेशनपेक्षा याचीच धास्ती जास्त आहे.

डॉक्टरांनी पोटावर घ्यायची रक्त पातळ करायची इंजेक्शनं, पायाला हवेने दाबणारं मशीन आणि त्याच दिवशी उठून चालायचं, एवढं सांगितलंय. त्यावर माझा विश्वास आहे. काळजी वेगळीच आहे. जाऊबाई दरवर्षी महालक्ष्म्यांच्या सोवळ्यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. यंदाही मेडिकलमधून पाकीट आणून फ्रिजवर ठेवलंय. डॉक्टरांनी ‘गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का’ विचारलं तेव्हा त्या नाही म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. पण या गोळ्या त्यातच धरायच्या का? घरात सोवळं कडक आहे, सासूबाईंना काय सांगू?

शिवाय लांब मोजे आणलेत, ते मांडीवरून घसरून गुडघ्याखाली गुंडाळी होते आणि करकचून वळ उठतो. एका नातेवाइकांनी गुठळी फुप्फुसाकडे जाण्याआधी अडवायला शिरेत जाळी बसवून घ्या म्हटलंय.

उत्तर:
ताई, मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे. ते पाकीट बाजूलाच ठेवा. त्या गोळीतल्या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन होतो आणि त्याने गुठळीचा धोका वाढतो. इस्ट्रोजेनच्या गोळ्या तर ऑपरेशनआधी महिनाभर बंद करायला सांगतात. सासूबाईंना स्पष्ट सांगा, डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणून. आणि सर्जनला विचारून घ्या म्हणजे ते खरंच होईल.

सिझरनंतरची गुठळी फाइलवर लिहिली आहे का? नसेल तर आजच फोन करा, जुने सोनोग्राफीचे कागद सोबत न्या. इंजेक्शनचा डोस आणि घरी गेल्यावर किती दिवस घ्यायचं, हे ठरवताना वजनाबरोबर तेही बघतात. बऱ्याच गुठळ्या डिस्चार्जनंतर, पहिल्या महिन्यात होतात. जाळी सरसकट बसवत नाहीत, तिचेही त्रास असतात. गुंडाळी होणारा मोजा घालू नका, त्याने रक्त उलट अडतं. पोटरी आणि मांडी टेपने मोजून माप सर्जनला कळवा.

आतापासून रोज चालणं, पाणी पुरेसं. तंबाखू-मिश्री असेल तर बंद. येता-जाता जालन्याला गाडी थांबवून चालवा त्यांना. एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला तर त्याच दिवशी दाखवा. एकदम धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ लावा, सकाळची वाट बघू नका.