कॉस्मिक रेमधून नवे हलके कण कसे शोधतात?

रात्रपाळी: एलएचसीसारखं प्रोटॉन एकमेकांवर आपटवणारं मशीन असताना लोक नवे हलके कण कॉस्मिक रेमध्ये, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या माऱ्यात, का शोधतायत? तिथे एनर्जी आपल्या हातात नाही, धडक कुठे होईल तेही नाही. मग फायदा काय?

खगोलवेडा: अरे बीम फुकट आहे आणि कधी बंदच पडत नाही. वरून येणारे प्रोटॉन हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या न्यूक्लियसवर आपटतात, त्यातून पायॉन, इटा वगैरे मेसॉन (क्षणभरच टिकणारे कण) निघतात, आता समजा इटा क्वचित कधीतरी इलेक्ट्रॉनच्या हजाराव्या भागाएवढाच चार्ज असलेल्या कणांत डिके झाला, म्हणजे फुटला, तर ते कण हजारभर मीटर खडक ओलांडून जपानच्या सुपर-कामिओकांडे या जमिनीखालच्या डिटेक्टरमधल्या ५०,००० टन पाण्यात एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देऊ शकतात. एलएचसीच्या मोठ्या डिटेक्टरमधून असले लाजाळू कण गुपचूप सटकतात.

सई_पी: पण न्यूट्रिनोही (चार्ज नसलेला, क्वचितच कशाला धडकणारा कण) असाच धक्का देतो ना? ओळखणार कसं?

खगोलवेडा: तीच तर डोकेदुखी! धक्क्याची एनर्जी बघायची, न्यूट्रिनोचा हिशोब वजा करायचा. जास्तीचं काही उरलं नाही की एवढ्या चार्जचे कण नाहीत अशी लिमिट लावायची. सध्या नुसत्या लिमिटच आहेत, कण एकही नाही.

कोलारकर: पद्धत जुनीच आहे हो. १९३२ला पॉझिट्रॉन, १९३६ला म्यूऑन, १९४७ला पायॉन, सगळे कॉस्मिक रेमधूनच मिळाले. आणि १९६५ला कोलारच्या सोन्याच्या खाणीत आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेवाल्यांनी ओसाका नि डरहॅमच्या लोकांबरोबर वातावरणातला न्यूट्रिनो पकडला, ते कोणी सांगतच नाही.