न्यूट्रल प्लगमागे शोधा

सिडकोच्या जुन्या घरांत बोर्डात न्यूट्रल (करंट परत जाण्याची वायर) नसतो म्हणून स्मार्ट मॉड्यूल (बटणामागे बसणारा, मोबाइलवरून दिवा चालू-बंद करणारा छोटा डबा) बसत नाही, असं म्हणतात ते अर्धंच बरोबर. नुसत्या दिव्यांच्या बोर्डात नसेलही, पण ज्या बोर्डात प्लग आहे तिथे तो असतोच, नाहीतर चार्जर चाललाच नसता. मेन बंद करून सॉकेटमागची वायर बघा, मग चालू करून मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा: फेजशी, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरशी, साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत. न्यूट्रल म्हणून अर्थिंग मात्र कधीही वापरू नका. आरसीसीबी (करंट गळला की मेन बंद करणारा स्विच) पडू शकतो, आणि अर्थिंग कुठे तुटलं असेल तर फ्रिजच्या पत्र्याला करंट येईल. वाशी-नेरूळच्या दमट हवेत तर अजिबात नको.

आजी वाचत बसली की नातवंडं मोबाइलवरून दिवा घालवतात, त्यावर उपाय सोपा आहे. जुनं बटण काढू नका. त्याच्या आधीच्या वायर सोडवा, दोन्ही टोकांपासून वेगळ्या वायर मॉड्यूलच्या एस१-एस२ला (बटणासाठीच्या दोन जागांना) जोडा आणि ॲपमध्ये ‘एज’ मोड (बटण हललं की दिवा बदलतो) ठेवा. बटण कुठल्याही बाजूला दाबलं तरी दिवा लागतो, आजी एका बोटात जिंकते! फक्त त्या बटणावर आधीचा फेज राहू देऊ नका, मॉड्यूल जळतं. गीझरला १० अँपिअरचं मॉड्यूल नको, २००० वॉटला जवळपास ९ अँपिअर लागतात, १६चंच घ्या.