डिंक नव्हे, राळ
गळवावर 'झाडाचा डिंक' लावा असा सल्ला कुणी कुणी देतात, तिथे जरा गल्लत होतेय; लावायची असते ती राळ. दोन्ही झाडातूनच पाझरतात, पण वेगळ्या. डिंक पाण्यात विरघळतो. राळ नाही, तिला तेल, तूप किंवा स्पिरिटसारखं काही लागतं. सालवृक्षाच्या राळेचं मलम असंच होतं: तिळाच्या गरम तेलात राळेची पूड विरघळवायची, ते पाण्यात ओतून हाताने फेसायचं, पाणी बदलत राहायचं. पिवळट चिकट लगदा हळूहळू लोण्यासारखा पांढरा होतो. (हात मात्र नंतर कितीही धुवा, चिकटच!) फिनलंडमध्ये स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या राळेचं मलम जखमांना लावतात, त्यातली राळाम्लं (राळेतली आम्लं) जिवाणूंच्या पेशीभित्तीवर घाव घालतात. पण राळेची ॲलर्जीही असते, तेव्हा आधी चांगल्या त्वचेवर थोडंसं लावून पाहा. गळवाभोवतीची लाली पसरत असेल किंवा ताप आला, तर मलमाचा नाद सोडून सरळ डॉक्टर गाठा.