आरएसआय ८२ होता, तरी शेअर वरच गेला

बी-३०४: काका, इथे सोसायटीच्या ग्रुपवरच विचारतो, कारण बिल्डिंगमधली आम्ही चार-पाच मुलं रोज इंट्राडे करतो (त्याच दिवशी घ्यायचं आणि विकायचं). काल एका शेअरचा आरएसआय, म्हणजे भावाच्या चढ-उताराचा जोर ० ते १०० मध्ये दाखवणारा इंडिकेटर, ८२ होता. ७० च्या वर म्हणजे ओव्हरबॉट, भाव फार चढलेला, म्हणून ६४० ला २०० शेअर शॉर्ट केले (आधी विकून नंतर स्वस्तात घ्यायचे), ६५२ ला आणखी २००. शेवटी सव्वातीनच्या सुमारास ६६८ ला ब्रोकरकडून आपोआप पोझिशन कापली गेली, म्हणजे शेअर परत घेऊन सौदा बंद झाला. ८,८०० गेले, चार्जेस वेगळे. मग इंडिकेटरचा उपयोग काय?

सी-१०१ काका: पहिला सौदा किती वाजता केलास? चार्टवरची एक कँडल (ठरावीक वेळेतल्या भावाची पट्टी) किती मिनिटांची?

बी-३०४: ९:४० ला. पाच मिनिटांची. गॅप-अप, म्हणजे आदल्या दिवसाच्या बंद भावापेक्षा वर उघडला होता, साधारण ३ टक्के.

सी-१०१ काका: मग बघ. आरएसआय १४ कँडल धरतो. ९:४० पर्यंत त्या दिवसाच्या पाचच झाल्या होत्या, बाकीच्या नऊ आदल्या दिवशीच्या दुपारच्या. ८२ मधला मोठा वाटा त्या सकाळच्या एका उडीचा. वाइल्डरने १९७८ साली हे सूत्र मांडलं ते रोजच्या बंद भावांवर. आणि जोराची तेजी असली की तो तासन्‌तास ७० च्या वरच बसतो. ‘आता पडणार’ असं तो कधीच म्हणत नाही.

बी-५०२: म्हणजे अनुभवच खरा, इंडिकेटर सोडून द्यायचे?

सी-१०१ काका: अजिबात नाही. मी स्वतः व्हीवॅप, म्हणजे दिवसभरातला उलाढालीनुसारचा सरासरी भाव, लावतो, तो रोज सकाळी कोऱ्या पाटीवर सुरू होतो. आणि एटीआर, म्हणजे भाव सरासरी किती वर-खाली हलतो ते. एटीआर १० रुपये असेल तर ३ रुपयांचा स्टॉपलॉस (तोटा थांबवायची ऑर्डर) नुसत्या हेलकाव्यात उडतो. स्टॉपलॉस किती लांब ठेवायचा आणि त्या हिशोबाने किती शेअर घ्यायचे, हे मी त्यावरून ठरवतो. स्टॉपलॉस कुठे होता रे तुझा?

बी-३०४: लावला नव्हता काका. वाटलं, खाली येईलच.

ए-६०२ ताई: सेबीचा अहवाल वाचलाय का तुम्ही मुलांनी? २०२२-२३ मध्ये कॅश सेगमेंटमध्ये (थेट शेअरच्या बाजारात) इंट्राडे करणाऱ्या १० पैकी ७ जणांना तोटा झाला. तिशीच्या आतल्यांत ७६ टक्के. आणि वर्षात ५०० हून जास्त सौदे करणाऱ्यांत ८० टक्के! मग सौदे वाढले की अनुभव वाढतो, हे कसं म्हणायचं? आणि हो, इंट्राडेचा तोटा सट्ट्यात धरतात, पगारातून वजा होत नाही. इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये मात्र दाखवा.

सी-१०१ काका: ताई, बरोबर बोललात. नुसते सौदे वाढवून काही शिकणं होत नाही. माझी पहिली पाच वर्षं तोट्यातच गेली, कारण लिहून काही ठेवत नव्हतो आणि फायद्याचे सौदेच तेवढे आठवायचे. डायरी सुरू केली तेव्हा दिसलं, की माझे मोठे तोटे सगळे अ‍ॅव्हरेजिंगचे. तू ६५२ ला केलंस तेच, सौदा उलटा जात असताना त्यात आणखी भर.
दुसरं, कुठल्या दिवशी हात लावायचा नाही ते हळूहळू कळायला लागलं. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलवर निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त चढला, ४ तारखेला जवळजवळ ६ टक्के पडला. ३ तारखेच्या चार्टवर मतमोजणी कुठून दिसणार? मी ४ तारखेला एकही सौदा केला नाही. काल तुझ्या त्या शेअरचे तिमाही निकाल होते का, बघ जरा.

बी-३०४: बघितलं. दुपारी साडेबाराला आले होते. मला माहीतच नव्हतं.

बी-२०१ वहिनी: या चार-पाच जणांत आमचा पण आहे का? दिवसभर दार लावून बसलेला असतो.

सी-१०१ काका: वहिनी, त्याला रागावू नका. रविवारी दहा वाजता सगळ्यांना माझ्याकडे पाठवा. येताना तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स (ब्रोकरकडून येणारी सौद्यांची पत्रकं) आणा रे, फायद्याचे स्क्रीनशॉट नकोत.

बी-३०४: सगळ्या मेलवर आहेत काका. आजच प्रिंट काढतो. आणि तोपर्यंत सौदा नाही.